प्रिज्युडिसचं उदाहरण

बंदरावर मासळी विकता विकता बी.ए. झालेली हौसा तांडेल एम.ए.च्या मुलाखतीला गेली. अर्जातला तिचा धंदा वाचूनच प्राध्यापक निमकरांनी अर्ज मिटला. "बाई, इथे जड इंग्रजी लागतं. तुम्हाला झेपायचं नाही."

"एखादा शब्द तरी विचारून बघा, सर."

"बरं, 'प्रिज्युडिस'. व्याख्या सांगा आणि वाक्यात उपयोग करा. वाक्य मराठीत चालेल, पण दारातल्या आमच्या म्हादूला अर्थ कळला पाहिजे. नाही कळला, तर घरी जायचं."

म्हादू शिपाई इंग्रजीच्या वाटेला कधी गेला नव्हता. हौसाची नजर त्या मिटलेल्या अर्जावर पडली.

"माहिती करून घेण्याआधीच बनवलेलं मत, म्हणजे प्रिज्युडिस. आता वाक्य. सरांनी माझे मार्क न बघताच अर्ज मिटला, हा सरांचा प्रिज्युडिस."

म्हादूनं पटकन तोंडावर हात दाबला.

"काय रे, कळला अर्थ?" निमकर गरजले.

"कळला साहेब. पण सांगितला तर माझी नोकरी जाईल."

निमकरांनी अर्ज उघडला, या वेळी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि खाली सही केली.