गालावर वण नसलेला राजा

नाईलकाठच्या मेरोवे राज्याच्या नखिरमनी राजाला ग्रीकांचं इतकं वेड, की तो जेवायचाही आडवा पडून! त्याने ग्रीक शिल्पकार फिलांद्रोसकडून आपला पुतळा घडवून घेतला. नाक सरळ, केस कुरळे. राज्याभिषेकात राजाच्या गालावर देतात ते तीन वण मात्र रानटी म्हणून गाळलेले. पुतळ्याला मुजरा न करणाऱ्याचं मुंडकं उडणार, अशी दवंडी पिटली.

जन्मभर राजांचे चेहरे घडवलेल्या म्हाताऱ्या शेबितो पाथरवटाचं डोकं तडकलं. भर दरबारात त्याने मुजरा केला, तो फिलांद्रोसला.

"राजा मी आहे!" नखिरमनी कडाडला.

"माफी असावी, महाराज. पुतळ्याचं नाक यांचं, केस यांचे, गालही यांच्यासारखे कोरे. मला वाटलं, आपण गादी यांना दिलीत."

राजाने आपल्या गालावरचे तीन वण चाचपले.

त्याच दिवशी फिलांद्रोस पुतळ्यावर वण कोरत बसला, आणि शेजारी उभा शेबितो म्हणत होता, "अजून जरा खोल."