वस्तादांनी सैल केलेले बोल्ट

"हे बोल्ट कुणी सैल केले, वस्ताद?"

दस्तगीर वस्ताद बशीत चहा ओतत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मी."

धैर्यशील गडबडला. चोर इतक्या सहज कबुली देईल असं त्याला वाटलं नव्हतं.

तीन वर्षं खपून त्याने कोल्हापुरातल्या घरामागच्या शेडमध्ये ही गाडी स्वतः बांधली होती. सांगाडा त्याचा, वेल्डिंग त्याचं आणि तोराही त्याचाच. वस्तादांकडे शिकलो हे सांगणं त्याने अलीकडे सोडून दिलं होतं. उद्या सकाळी शर्यतीआधीची तपासणी होती. तीत गाडी नापास झाली की घाटातली शर्यत विसरायची. म्हणून चाकं सांगाड्याला जोडणारे आर्म धरणारा प्रत्येक बोल्ट त्याने आवळला आणि वरून पिवळ्या रंगाची रेघ ओढली. नट हलला तर रेघ तुटून कळावं, एवढ्यासाठी.

आज सगळ्या रेघा तुटलेल्या होत्या. शेडची दुसरी किल्ली एकट्या वस्तादांकडे होती.

"का केले?"

"तू आवळलेस तवा गाडी कुठं हुती?"

"जॅकवर."

"आन् चाकं?"

"लोंबत होती… त्यानं काय होतंय?"

वस्तादांनी खिशातून आर्मच्या सांध्यात बसणारा एक फाटका रबरी बुश काढून त्याच्या तळहातावर ठेवला.

"चाक लोंबताना आवळलं, की रबर तसंच धरून बसतंय. गाडी खाली टेकली की पिळवटतंय. मग फाटतंय. भार पडल्यावर आवळायचं असतंय ते."

बोलणं पटत होतं. तरी धैर्यशीलच्या मनातली पाल चुकचुकायची थांबेना. उदाजी हा वस्तादांचा दुसरा चेला. उद्या त्याचीही गाडी धावणार होती.

"काल उदाजीकडं काय करत होता?"

"हेच."

"त्याचे पण सैल केले?"

"केले, आवळले. तो वर गाडीत बसून शीळ घालत हुता."

हे धैर्यशीलला झोंबलं.

दोघांनी गाडी जॅकवरून उतरवली आणि ढकलत शेडमधल्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर आणली. वस्ताद पाना घेऊन खड्ड्यात उतरले.

"बस गाडीत. तुझा भार पायजे."

तो बसला. गाडी जराशी दबली. खालून पाना करकरू लागला…

थांबला.

का थांबला? धैर्यशील उतरला आणि गाडीखाली डोकावून बघू लागला. त्याचं वजन निघताच गाडी वर आली. अर्धवट आवळलेला बोल्ट वस्तादांनी पुन्हा सैल केला.

"बस."

तो बसला. पुन्हा करकर… पुन्हा शांतता. हा माणूस खाली नेमकं करतोय काय? त्याला राहवेना. तो पुन्हा उतरून वाकला.

बोल्ट पुन्हा सैल झाला.

"तुम्ही बसा वर," धैर्यशील म्हणाला. "मी आवळतो."

"उद्या चालवणार कोण?"

"मी."

"मग भार तुझाच लागंल."

शेडमध्ये अंधारून येऊ लागलं होतं. धैर्यशील सीटच्या कडेवर टेकला, धड बसलेला नाही आणि धड उभा नाही. त्याला रागही येत होता आणि लाजही वाटत होती.

"वस्ताद… तुम्ही नीट आवळलंय, हे मला कळणार कसं?"

खड्ड्याच्या काठावर पाना ठेवल्याचा आवाज झाला.

"उद्या घाटात मी खाली नसणार," वस्ताद म्हणाले. "तवा कुणाकडं वाकून बघशील?"