होडीवरची हळदीची रेघ

एकदा काय झालं, भर पुरात एक होडी उलटली आणि सात माणसं गेली. राजा काही वाईट नव्हता, बरं का. त्याला घास गिळवेना. त्यानं हुकूम काढला, होडीत चारच माणसं बसतील.

मग एके दिवशी चार पैलवान बसले आणि होडी पुन्हा बुडाली. मग दुसरा हुकूम, आधी माणसं तराजूत तोला. काठावर ही भलीमोठी रांग! मग तिसरा हुकूम, पोहता येतं त्यालाच होडीत घ्या. आता पोहता येणारा होडीत कशाला बसेल? बाकीचे चोरून घागरीवर पालथे पडून नदी ओलांडायला लागले. त्यात दोघं वाहून गेली.

येसू नावाडीण रोज हे बघायची. तिची लेक पलीकडच्या गावात, दिवस भरलेले. सुईण अलीकडे, आणि तिला पोहता येत नव्हतं. 

मग येसूनं आपल्या होडीलाच विचारलं, बाई गं, तुला झेपतं तरी किती? आणि होडी बोलली. हसू नका रे, आपल्या गोष्टीत होड्या बोलतात.

“माणसं नको मोजूस,” होडी म्हणाली. “माझं अंग किती बुडालं ते बघ.”

मग येसूनं तेलात हळद कालवून होडीच्या अंगावर, जिथवर बुडालं तरी तिला झेपतं तिथं, रेघ ओढली आणि तडक दरबार गाठला.

“महाराज, हुकूम हवाच, पण एकच,” ती म्हणाली. “रेघ पाण्याला टेकली की शेवटी चढलेल्यानं उतरायचं. मग तो कुणी का असेना.”

राजा म्हणाला, बघू तरी. स्वतः येऊन होडीत बसला. मग प्रधान बसला, मग बाजाराची माणसं बसली. शेवटी सुईण चढली आणि रेघ टेकली की पाण्याला!

 तरी येसू म्हणाली, “सुईणबाई, उतरा.”

राजानं विचारलं, तुझा आवाज का गं कापतो? तिनं लेकीचं सांगितलं. मग राजानं धोतर वर खोचलं आणि गुडघाभर पाण्यात स्वतःच उतरला. काठावर असा जयजयकार झाला म्हणता! येसूनं वल्हं मारलं ते पलीकडे पोचेपर्यंत थांबली नाही.

तिला नात झाली. तिन्ही जुने हुकूम फाडले गेले. पुराच्या दिवसांत लोकांना अजून ताटकळावं लागतं, कुरकुरतातही मेले. पण त्या नदीत पुन्हा कुणी बुडालं नाही, आणि सगळी सुखानं नांदली. चला, पांघरुणं घ्या आता, मिटा डोळे.