ठकू कुंभारणीच्या मोडल्या मौनाची कहाणी

ऐका गं बायांनो, वेशीवरच्या आईची कहाणी. तांदूळ मुठीत घट्ट धरा. काशे, तूसुद्धा.

आटपाट गाव होतं. नगर म्हणवत नाही, तीनच तर आळ्या. तिथं ठकू कुंभारीण राहायची. तिची एकुलती लेक आवडी, तापानं फणफणली. वैद्य झाले, अंगारे झाले. ताप उतरेना.

मग ठकू वेशीवरच्या आईपाशी गेली. आई म्हणाली, "तीन मंगळवार मौन धर. उगवतीपासनं मावळतीपर्यंत अंगणात पाटावर बस. तोंडातनं शब्द नको, हातानं खूण नको, पाटावरनं उठणं नको. वसा टाकशील, तर लेक जाईल."

पहिला मंगळवार गेला, लेकीनं डोळे उघडले. दुसरा गेला, लेक पाणी प्याली. तिसरा आला.

दिवस कलला. शेजारची बयजा म्हातारी काठी टेकीत आली. डोळ्यानं आंधळी, जिभेनं धारेची. गावभर सांगायची, ठकूची मडकी गळतात. अंगणात मडक्यांची भट्टी होती. वर राख, आत लाल निखारे. बयजा सरळ तिकडंच निघाली. जवळ दुसरं कुणी नाही.

ठकूनं ते पाहिलं. बोलावं तर लेक जाते, न बोलावं तर म्हातारी जाते. मनात म्हणाली, देवीचीच आज्ञा, मला कसलं पाप? बयजा दहा पावलांवर आली. ठकू मनात म्हणाली, कोण बघतंय? बयजा पाच पावलांवर आली. ठकू मनात म्हणाली, हिनं माझं काय भलं केलं? बयजानं पाय उचलला.

"बयजाबाई, थांबा! निखारे हायेत!"

बयजा थांबली. "केवढ्यानं ओरडतीस गं भवाने! आंधळी हाय मी, बहिरी न्हाई." फणकाऱ्यानं निघून गेली.

ठकूला घराकडं बघवेना. मग आई समोर उभी राहिली.

"मी काय सांगितलं होतं?"

"गप्प बस म्हणालीस."

"मग बोल म्हणून कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, आई."

"डोळ्यानं काय पाहिलंस?"

"म्हातारी पाहिली, राख पाहिली."

"पाप पाहिलंस?"

"पाप दिसत नाही, आई. पण होतं तिथंच. तू गप्प बस म्हटलंस म्हणून म्हातारी जळणं चांगलं कसं व्हावं?" मग ठकू रडली. "मला ने. लेकीला नको."

मग आई हळूच म्हणाली, "बये, चांगलं काय नि पाप काय, हे मलाही कुणी सांगितलं नव्हतं. मी या वेशीवर आले, तेव्हा ते आधीच इथं बसलेलं होतं. मीच त्याला नमस्कार करून बसले." आणि दिसेनाशी झाली.

लेकीचं काय, ते बोललीच नाही. ठकू धडपडत उंबऱ्यापाशी गेली. पाय आत पडेना. आतनं आवाज आला, "आये, भूक लागली. किती ओरडतीस?"

बयजा अजून सांगते, मडकी गळतात.

ठकूला आई पावली, तशी तुम्हाआम्हाला पावो. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत पिकली, पुरी झाली. उघडा मुठी. अगं काशे, तुझी रिकामी कशी? मी पाहिलं नाही म्हणतेस? नाहीच पाहिलं. पण खाल्लेस की नाही तांदूळ?