सात बुरुजांची हाक

एक होता राजा. त्याचं या गोष्टीत काम थोडंच आहे, तेव्हा तो बसू दे गादीवर. पाय आत घ्या. मध्ये बोलायचं नाही.

त्याच्या राज्यात एक गाव होतं. गावाच्या वर गड होता, गडाला सात बुरूज होते. गावाच्या वेशीवर दगड उभे होते. वीरगळ म्हणतात त्यांना. जो लढाईत पडला त्याचा दगड. एकेका दगडावर तीन चित्रं, खालून वर बघायची. आणि त्या गावचा दगड साधा नव्हता, बरं का. त्यावर खोटं कोरलं की तो तडकायचा. खरं कोरलं की पिढ्यान्‌पिढ्या उभा राहायचा.

त्या गावात धुरपदाबाई होती. ऐंशीच्या पुढे जगली. पारावर बसून मुलांना शिकवायची. लाकडी पाटीवर धूळ पसरायची आणि धुळीत बोटानं अक्षर काढायला लावायची. चुकलं की फुंकर मारायची, पुन्हा काढ म्हणायची. सगळं गाव तिच्या हाताखालून गेलं.

तिची एक खोड होती. संध्याकाळी मुलं घरी पोचायच्या वेळेला ती पारावर उभी राहायची आणि हाक द्यायची, "जागे का?" मग पहिल्या घरातलं पोर ओरडायचं, "जागे." ते पुढच्या घराला विचारायचं, "जागे का?" अशी हाक गावाला वळसा घालून पारापाशी परत यायची. मगच बाई घरात जायची. बाया हसायच्या. म्हणायच्या, "बाईंना वाटतं, आमची पोरं वाटेत सांडतात."

फक्त दौलत पाटलाच्या घरातून उत्तर येत नसे. त्यानं घरात तशी ताकीद दिली होती.

हा पाटील फार संशयी. दुधात बोट बुडवून बघायचा. पावणा आला की त्याच्या आधी त्याचे जोडे निरखायचा. पण बाईवरचा त्याचा संशय जुना होता. पाटील पाच वर्षांचा असताना पलीकडच्या राजानं गडाला वेढा घातला. गडावर सात पहारेकरी होते, बुरुजाला एक. पाटलाचा बाप सातव्या बुरुजावर होता. धुरपदेच्या बापाला मुलगा नव्हता, म्हणून घरामागे एक माणूस द्यायचा या हुकमाला तीच गेली होती. ती पहिल्या बुरुजावर. तेव्हा अठरा वर्षांची पोरगी.

गड पडला. सहा जण मेले. गडावर आसऱ्याला गेलेली बायकापोरं मागच्या चोरवाटेनं तीन दिवस थोडी थोडी खाली उतरून वाचली होती. मग एक दिवसानं धुरपदा एकटी आली. अंगावर ओरखडा नाही. पाठीला एक तान्हं पोर बांधलेलं.

लोकांनी विचारलं, "पोर कुणाचं?"

ती म्हणाली, "माझं."

लोकांनी विचारलं, "तू कशी वाचलीस?"

ती काहीच बोलली नाही. पुढे साठ-पासष्ट वर्षं बोलली नाही.

मग ती मेली. तिच्या हाताखाली शिकलेली माणसं जमली. बाई गडावर होती, तिचाही दगड वेशीवर लागला पाहिजे, म्हणाली. तिची लेक सगुणा, तेच पाठीवरचं पोर, आता तीही म्हातारी झाली होती. ती बाजूला उभी राहिली.

पाटील म्हणाला, "माझा बाप तीन दिवस बुरुजावरून हाक देत होता. माझ्या आईनं कानांनी ऐकलंय. तो मेला. ही आली. सात जणांतून एकच जिवंत येतं, ते पाठ दाखवल्याशिवाय येत नाही."

मग ठरलं. चालीप्रमाणे तीन दगड द्यायचे. तिन्ही तडकले तर पारावर लिहिलेलं बाईचं नाव पुसायचं आणि सगुणेनं गाव सोडायचं. सगुणेचं घर तेवढंच, आणि आई तेवढीच. ती म्हणाली, "कोरा."

भागोजी पाथरवट बसला. पहिल्या दगडावर त्यानं बाईच्या हातात तलवार दिली, समोर शत्रू पाडले. शिकलेल्या माणसांनी तसंच सांगितलं होतं. शेवटचा घाव बसला आणि दगड वरून खालपर्यंत तडकला.

मग पाटलानं सांगितलं, "आता मी म्हणतो ते कोर. पाठ फिरवून पळताना कोर."

भागोजीनं कोरलं. तोही तडकला.

आता पाटलाला आनंद व्हावा, तर नाही. त्याचंही खोटं ठरलं होतं ना. त्यानं भागोजीची छिन्नी उलटसुलट करून बघितली. म्हणाला, "धार कुणी बोथट केली?"

भागोजी म्हणाला, "पाटील, छिन्नीचा वास घ्यायचा राहिला. तोही घ्या."

तिसरा दगड उरला. काय कोरावं कुणाला ठाऊक नाही. भागोजीनं हत्यार खाली ठेवलं. सगुणेनं घरी जाऊन भांडी पोत्यात भरायला घेतली.

संध्याकाळ झाली. बाई नव्हती, पण पोरांना सवय. एकानं हाक दिली, "जागे का?" दुसऱ्यानं दिली, "जागे." हाक फिरू लागली.

त्याच वेळी वेशीतून एक म्हातारा तट्टावर घोंगड्या लादून चालला होता. घोंगड्या विकून पोट भरायचा. हाक ऐकली आणि जागीच थांबला. तट्टाचा लगाम सोडून वेशीतच बसला. लोक धावले, पाणी दिलं.

तो म्हणाला, "ही हाक तुम्हाला कुणी शिकवली?"

"आमच्या बाईंनी."

"ही गडाची हाक आहे. मी तीन दिवस ऐकलीय. मी खालून ऐकली, तुमच्या शत्रूच्या फौजेत होतो."

पाटील पुढे आला. त्यानं आधी म्हाताऱ्याचे जोडे बघितले. मग म्हणाला, "बोल. खोटं बोललास तर दगड सांगेल."

म्हातारा बोलला. पहिल्याच सकाळी त्यांच्या तोफांनी गडाचे बुरूज झोडपले होते. मग धुकं आलं, दिवसासुद्धा हात दिसेना असं. सरदार म्हणाला, वरून आवाज येतोय तोवर चढायचं नाही, माणसं शिल्लक आहेत. आणि आवाज येत राहिला. पहिला बुरूज विचारी, दुसरा उत्तर देई, असे सातही. सात बुरूज, सात निराळे आवाज. तीन दिवस.

"पण मला संशय आला," म्हातारा म्हणाला. "दोन हाकांच्या मध्ये वेळ जायचा. माणूस पळत जाईल एवढा वेळ. आणि एक तान्हं पोर रडायचं. ते रडणं पण बुरुजाबुरुजानं फिरायचं. मी ओळखलं. वर एकच माणूस आहे, आणि त्याच्या पाठीला पोर आहे."

"मग सांगितलं नाहीस?" पाटलानं विचारलं.

"माझ्या घरी तसंच तान्हं पोर होतं."

पाटील मात्र हटेना. म्हणाला, "सातवा माझा बाप होता. तो आवाज त्याचाच होता. माझी आई चोरवाटेनं उतरत होती, तिनं ओळखला."

"सातवा ना?" म्हातारा म्हणाला. "तो हाक देण्याआधी दोनदा खोकायचा. आणि त्याच्या खोकल्यानंतरही पोर रडायचंच."

पाटलाचा बाप दोनदा खोकून बोलायचा. गावात हे दोघा-तिघांनाच आठवत होतं. पाटील खाली बसला.

मग सगुणा बोलली. तिच्या हातात अजून पितळी होती. ती म्हणाली, "दौलतभाऊ, तुमची आई दर सणाला आमच्या घरी यायची. माझा मालक तीन दिवस हाक देत होता, म्हणायची. माझी आई म्हणायची, हो वहिनी, मी शेजारच्या बुरुजावर होते, मी ऐकलंय."

म्हणून बाई गप्प होती, बरं का. पळापळीत कुणी पाळण्यात टाकून गेलेलं पोर तिनं पाठीला बांधलं होतं, आणि मेलेल्या माणसाची हाक त्याच्या बायकोच्या कानाला बांधली होती. दोन्ही तिनं शेवटपर्यंत सोडलं नाही.

भागोजीनं तिसरा दगड घेतला. खाली कोरलं, पळणारी बाई, तोंड उघडं, पाठीला पोर. हातात तलवार नाही. मध्ये कोरलं, तेच पोर मांडीवर. वर कोरली धुळीची पाटी आणि भोवती मुलं. शेवटचा घाव पाटलानं स्वतः मारला. त्याला भागोजीचाही भरवसा नव्हता.

दगड तडकला नाही. पाटलाच्या बापाच्या दगडाशेजारी उभा केला. राजाला कळलं, त्यानं नारळ पाठवला. राजाचं काम एवढंच.

सगुणेनं पोतं सोडलं, भांडी फळीवर लावली. म्हातारा एक घोंगडी दगडापाशी ठेवून गेला.

संध्याकाळी हाक निघाली. घरामागून घर करत पाटलाच्या दारापाशी आली. पोरं थांबली, कारण तिथून कधी उत्तर येत नसे. मग आतून कुणीतरी दोनदा खोकलं. आणि पाटील म्हणाला, "जागे."

ते सगळे सुखात राहिले. आता गोधडी वर ओढा. मी एकदाच विचारतो.

जागे का?

...

बरं. निजले.