वाहता इंजिनिअर आणि भोपळेबुवा

"...हे सगळं करून झालंय, बुवा. आता अजून कुठलं साधन राहिलंय माझं, तेवढं सांगा. मी निघतो."

भोपळेबुवांनी मान वर केली नाही. ते एका वाळक्या भोपळ्याला कान लावून बसले होते. बोटानं टकटक करायचे, ऐकायचे आणि गालात हसायचे. आत कुणी भाडेकरू राहत असल्यासारखे.

"काय काय केलंस म्हणालास?"

प्रज्योत कुंभोजकरला हेच हवं होतं.

इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. हॉस्टेलवर त्याला 'नोकरीमहाराज' म्हणत. कुणाचा बायोडाटा वाकडा असो, कुणाला मुलाखतीच्या नावानं घाम फुटो, तो उठायचा आणि याच्या खोलीचं दार ठोठावायचा. हा त्याला दोन वेबसाइट सांगायचा, एक ॲप टाकून द्यायचा, पाठीवर थाप मारायचा. महिन्याभरात तो पोरगा पेढे घेऊन यायचा. नोकरीमहाराजांच्या खोलीत पेढ्यांचे इतके रिकामे खोके साठले की त्याने त्यांची चप्पल ठेवायची मांडणी केली होती.

तर तो सरसावून बसला.

"नोकऱ्यांच्या सगळ्या साइटवर नाव आहे माझं. सरकारी धरून. सगळीकडून फोनवर सूचना येतात. बायोडाट्याला गुण देणारं सॉफ्टवेअर आहे, त्यात शहाण्णव पडलेत. मुलाखतीचा सराव घेणारी एक बाई आहे, म्हणजे बाई नव्हे, मशीनच. ती म्हणाली, तुमच्यासारखा उमेदवार विरळा. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आहे. माझा स्वतःचा व्हिडिओ आहे. मागे हिरवळ, वर ढग."

"ढगसुद्धा?"

"ढग नंतर घातले."

"वा," बुवा मनापासून म्हणाले. "आणि नोकरी?"

...

नदीवर एक टिटवी ओरडली.

"ती तेवढी राहिलीय," प्रज्योत म्हणाला.

वारणेच्या काठी कणेरवाडीचा डोह आहे. त्याच्या वरच्या अंगाला बुवांची झोपडी, आणि झोपडीवर भोपळ्याचा वेल. पंचक्रोशीतली तीन पिढ्यांची पोरं बुवांनी पाण्यात टाकली होती आणि पोहत बाहेर काढली होती. पाठीला एक वाळका भोपळा बांधायचा, ढकलून द्यायचं. पोर आठ दिवसांत पोहायला लागायचं, भोपळा परत झोपडीला टांगला जायचा. बुवांचं खरं नाव काय, हे बुवांनाही आठवत नसे. मागे एकदा रेशनकार्डवाल्यानं विचारलं, तेव्हा ते दुपारभर आठवत बसले आणि शेवटी म्हणाले, "तुला बरं वाटेल ते लिही."

अशा माणसाला नोकरीचं विचारायला प्रज्योत आला, कारण आई म्हणाली होती, "बुवांना विचार. त्यांना दिसतं."

आता बुवांना काय दिसलं कोण जाणे. त्यांनी विचारलं, "पोहता येतं?"

"थिअरी येते. सगळे स्ट्रोक बघितलेत. व्हिडिओवर."

"मग उतर."

प्रज्योतनं डोहाकडे पाहिलं. उन्हाळ्यातली वारणा, गोगलगायीच्या चालीनं चाललेली. पण पाणी ते पाणीच.

"भोपळा बांधून द्याल ना?"

"बांधतो की."

बुवांनी एक भोपळा पाठीला बांधला. गाठ पुढे छातीवर आणली.

"बुवा... हा एकटा धरेल मला?"

"म्हशीएवढी पोरं धरलीत यानं."

"तरीपण. अजून एक दिला तर?"

"घे."

"काखेत एकेक?"

"घे."

"पोटाला? गुडघ्यांना? मानेखाली एखादा लहानसा असेल तर..."

"घे की, लेका. वेल काही आटला नाही."

बुवा बांधत गेले. प्रत्येक गाठ पुढे, छातीवर. शेवटी झोपडीला टांगलेला एकही भोपळा उरला नाही, आणि भोपळ्यांच्या मधून इंजिनिअरचं नाक तेवढं दिसायला लागलं.

खालच्या दगडावर पारूआक्का वाकळा धूत होती. तिनं हात थांबवला.

"अगं बया! बुवा, तुमचा वेल पाण्याला निघाला की वं!"

"वेल नाही, आक्का. इंजिनेर हाय."

"हुईल, हुईल. फळ धरलंय चांगलं."

प्रज्योतनं तिकडे दुर्लक्ष केलं. डोळे मिटले, आईचं नाव घेतलं आणि पाण्यात पाऊल टाकलं.

आणि बुडाला नाही!

बुडायचा प्रश्नच नव्हता. तो पाण्यात गेलाच नाही मुळी. पाण्यावर बसला. मग आडवा झाला. पाठ खाली, पोट आभाळाकडे, हातपाय चारी दिशांना.

"बुवा!" तो आनंदानं ओरडला. "जमलं! बघा, जमलं!"

"बघतोय."

"काही करावं लागत नाही!"

"तेही बघतोय."

वाऱ्याची एक झुळूक आली. लहानशीच. आक्काचा पदरसुद्धा हलला नाही. पण इंजिनिअर हलला. डोहातून निघाला, धारेला लागला आणि वारणा जिकडे चालली होती तिकडे चालायला लागला. वाटेत म्हशी बसल्या होत्या. वारणेच्या म्हशी कलेक्टरच्या गाडीला बाजू देत नाहीत, पण याला त्यांनी उठून रस्ता दिला. एक बगळा आला, पोटावरच्या भोपळ्यावर बसला, इकडेतिकडे पाहून त्यानं एक पाय वर घेतला आणि डोळे मिटले.

काठावर सदऱ्यात गुंडाळलेला फोन वाजला. टिंग.

"बुवा! माझा फोन! काय आलंय बघा!"

बुवांनी चष्मा शोधला. सापडला. पुसला. फोन हातात घेऊन ते काठाकाठानं, इंजिनिअरच्या बरोबरीनं चालायला लागले.

"म्हणतोय, तुमच्यासाठी नव्या नोकऱ्या."

"त्या रोज येतात. अजून?"

टिंग.

"तुमची माहिती कुणीतरी बघितली."

"कुणी? कुणी बघितली?"

"ते सांगायला पैसे मागतोय."

टिंग.

या वेळी बुवा जरा थांबले. ओठ हलवत वाचत राहिले. मधल्या वेळात इंजिनिअर पुढे गेला, त्यामुळे बुवांना चार ढांगा पळावं लागलं.

"प्रिय उमेदवार... आपला अर्ज अर्धवट राहिला आहे... आज सायंकाळी सहा वाजता मुदत संपत आहे. पुढं पंपाचं चित्र हाय."

बगळा उडाला. कारण खालचा माणूस दचकला होता.

ती पंपांची कंपनी! बाकी सगळ्या नोकऱ्या एकीकडे आणि ती एकीकडे. प्रज्योतनं चौथीत असताना मळ्यातली मोटर उघडली होती. मार खाल्ला होता, आणि मार खात खात ती परत जोडली होती, तर पाणी आधीपेक्षा जोरात आलं होतं. त्या दिवसापासून त्याला पंपच करायचे होते. अर्ज अर्धा भरून झाला होता. पण म्हटलं, शहाण्णवचे अठ्ठ्याण्णव होऊ देत. म्हटलं, त्या मशीनबाईबरोबर अजून एक सराव होऊ दे. म्हटलं, एक नवं ॲप आलंय, ते बघून घेऊ...

"बुवा, वाजले किती?"

"सव्वापाच."

"मला बाहेर काढा!"

"माझं धोतर आत्ताच धुऊन वाळलंय, लेका."

प्रज्योतनं हात मारला. हात हवेत फिरला. काखेतला भोपळा मध्ये आला. पाय मारला, गुडघ्याचा भोपळा आडवा आला. तो जागच्या जागी गिरकी घेऊन पुन्हा तसाच चालू लागला.

"बुवा, हात पाण्याला लागत नाहीत!"

"दिसतंय."

"पायपण!"

"होय, तेही."

"मग करू काय मी?"

बुवा काठावरनं डुलत डुलत चालत होते. देवळाकडं निघाल्यासारखे.

"बुडत तर नाहीयेस ना?"

"नाही!"

"मग झालं की. तेवढंच मागितलं होतंस."

...

पलीकडे उसाच्या फडात कुणीतरी मोटर चालू केली. प्रज्योतनं ती ओळखली. बेअरिंग गेलंय, तो मनात म्हणाला. आणि त्याला एकदम रडू आलं आणि हसूही आलं, दोन्ही एकाच वेळी, आणि त्या नादात हात छातीवर गेला.

छातीवर गाठी होत्या. सगळ्याच्या सगळ्या. सुरगाठी. एक टोक ओढलं की सुटणाऱ्या.

"बुवा, आधी कुठला सोडू?"

बुवांनी कान खाजवला.

"त्याचा व्हिडिओ नाही बघितलास?"

प्रज्योतनं दात ओठ खाल्ले आणि हाताला लागलं ते टोक ओढलं. डाव्या काखेतला भोपळा टुणकन उडाला. डावा हात पाण्यात पडला. किती गार होतं पाणी! त्यानं हात ओढला, तर स्वतःभोवती एक चक्कर मारून परत तिथंच.

"बुवा, मी गोल फिरतोय!"

"फिर. पण बघ, आता तू फिरतोयस. मघाशी वारा फिरवत होता."

उजव्या काखेतला गेला. मग गुडघ्यांचे, मानेखालचा. पोटावरचा सुटला तसा तो पालथा झाला, नाकातोंडात पाणी गेलं, खोकला, शिंकला, "मेलो, मेलो" म्हणाला आणि हे सगळं चालू असताना त्याचे हातपाय आपले आपण कामाला लागले. कुठल्या व्हिडिओत असला स्ट्रोक नव्हता. थोडं बेडकाचं, थोडं कुत्र्याचं, थोडं बैल उधळल्यासारखं. पण काठ जवळ यायला लागला.

पाठीवर एक भोपळा राहिला होता.

पारूआक्का वाकळा तशीच टाकून काठानं पळत आली होती. "मार, मार! हाण हात! इंजिनेरा, पाय हाण!" ती अशी ओरडत होती की पलीकडच्या गावात लोकांना वाटलं, बैलगाड्यांची शर्यत लागलीय. तिघेजण खरंच बघायला आले.

प्रज्योतचे पाय चिखलाला लागले.

तो उभा राहिला. कमरेएवढं पाणी. मागे वळून पाहिलं. एवढं अंतर! त्यानं दोन्ही हात वर केले आणि ओरडला. शब्द नव्हता तो कुठलाच. आक्कापण ओरडली. म्हशीसुद्धा हंबरल्या, असं आक्का अजून सांगते.

"फोन!" तो काठावर चढत म्हणाला.

बुवांनी फोन दिला. ओल्या बोटांना फोन दाद देईना. त्यानं बोटं बुवांच्या वाळलेल्या धोतराला पुसली. बुवांनी धोतराकडे पाहिलं आणि सुस्कारा टाकला.

अर्धा अर्ज उघडला. उरलेला अर्धा भरायला फार वेळ लागला नाही. तुम्हाला ही नोकरी का हवी आहे, असा एक प्रश्न होता. त्यावर त्यानं मोटरीचं लिहिलं. माराचं लिहिलं. पाणी जोरात आलं, तेही लिहिलं. पलीकडच्या फडातलं बेअरिंग गेलंय, हेसुद्धा लिहिलं.

अंगठा बटणाच्या वर थांबला.

"काय झालं?" बुवांनी विचारलं.

"काही नाही. हे उत्तर जरा... एकदा त्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून गुण बघतो. दोन मिनिटं. त्या बाईलापण एकदा विचारतो. म्हणजे कसं, खात्री..."

बुवांनी त्याच्या छातीवरची उरलेली गाठ ओढली.

पाठीवरचा शेवटचा भोपळा काढून घेतला. मग दोरीचं टोक घेऊन ते तो भोपळा शांतपणे त्याच्या अंगठ्याला बांधायला लागले.

प्रज्योत बघत राहिला. आधी अंगठ्याकडे. मग बुवांकडे. मग अंगठ्याकडे.

आक्काला पहिल्यांदा हसू फुटलं. मग त्याला. मग असं काही फुटलं की तो चिखलात बसला, हात झटकला, भोपळा उडून बुवांच्या पायाशी पडला, आणि मोकळ्या अंगठ्यानं त्यानं बटण दाबलं.

टिंग.

"गेला!"

"गेला?"

"गेला, बुवा!"

तो उठला आणि पाया पडला. चिखलाचे दोन हात बुवांच्या पायांवर उमटले. वर मान करून त्यानं विचारलं, "लागेल ना नोकरी?"

बुवा नदीकडे बघत होते. थोडं खाली, लव्हाळ्याच्या बेटाला, सगळे भोपळे अडकले होते. उन्हात सोन्यासारखे दिसत होते. मध्ये वारणा होती, छातीभर.

"उद्या पोरं शिकायला येतील," बुवा म्हणाले. "माझे भोपळे आण."

प्रज्योतनं पाण्याकडे पाहिलं.

"आणतो. तेवढा हा शेवटचा पाठीला बांधून द्या."

बुवांनी पायाजवळचा भोपळा उचलला. टकटक करून कानाला लावला, समाधानानं मान हलवली. मग जांभळीच्या सावलीत जाऊन आडवे झाले आणि तो डोक्याखाली घेतला.

"हा नाही मिळायचा. हा माझ्या उशाला लागतो."