ऐनाची साल पांघरलेला अर्जुन

वेळशिंगे गावाच्या वरच्या अंगाला राई आहे आणि राईच्या तळाशी झरा. झऱ्याच्या काठावर नऊ अर्जुन पाण्याकडे झुकून उभे आहेत. त्यांतल्या एकाच्या गुळगुळीत, फिक्या खोडाला छातीच्या उंचीवर आडवी खाच आहे, करगोटा रुतून बसावा तशी. शेजारच्या दगडावर पांढऱ्या कापडाची एक पट्टी घडी करून ठेवलेली असते. पाहुणे खाचेबद्दल विचारतात, मग पट्टीबद्दल. राईचे पुजारी धाकू गुरव पंच्याहत्तरी ओलांडलेले आहेत. ते आधी पाहुण्यांना बसवतात. उभ्या माणसाला ते ही गोष्ट सांगत नाहीत.

फार मागे किल्ल्यावर नवी सदर उठत होती, म्हणे. तुळयांसाठी ऐनाचं लाकूड हवं होतं. किल्लेदाराने हुकूम काढला की वेळशिंग्याच्या राईतले ऐन तोडावेत. हुकूम घेऊन एक कारकून आला, मागे वीस कुऱ्हाडी. शिमग्याच्या तोंडावरचे दिवस होते, ऐनाची पानं गळून गेली होती. कारकुनाने जन्मात ऐन पाहिला नव्हता. ओळख पटावी म्हणून किल्ल्यावरून त्याला एक वाळकं फळ दिलं होतं, पाच पंखांचं. असं फळ ज्याच्या बुडाशी सापडेल तो ऐन, एवढंच त्याचं ज्ञान. ऐन होते वर उतारावर, आणि तिथे चढायचा त्याला कंटाळा आला. तसंच फळ त्याला खाली झऱ्याकाठी सापडलं, कारण अर्जुनाच्या फळालाही पाचच पंख असतात. त्याने नऊही अर्जुनांवर चुन्याच्या खुणा करवल्या.

या नऊ झाडांच्या मुळांनी काठ धरून ठेवला होता. ती गेली असती तर पहिल्या पुरात काठ ढासळून झरा बुजला असता आणि खालच्या तीन वाड्या पाण्यावाचून बसल्या असत्या. हे गावातल्या प्रत्येकाला कळत होतं. पण कागदावर शिक्का होता, आणि शिक्का पाहिल्यावर पुरुषमंडळी आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहत उभी राहिली. हे सांगताना गुरवांचा आवाज चढतो. गावाची ही लाज ते पाहुण्यांपासून लपवत नाहीत.

पुढे आली ती आवडी. हिरडे आणि शिकेकाई गोळा करून जगणारी, एकटी बाई. खुणेच्या पहिल्या झाडाला पाठ लावून ती उभी राहिली.

"हुकूम वाचा."

"ऐन तोडावेत," कारकुनाने वाचलं.

"मग ऐन तोडा की. हा अर्जुन हाय."

कारकुनाने फळ तिच्या नाकासमोर धरलं. "पाच पंख. मोज, येत असेल तर."

"पाच बोटं तुमालाबी हायत, मलाबी हायत. म्हणून मी कारकून झाले काय?"

आधी हसले ते कुऱ्हाडवाले, म्हणे. तिथेच कारकुनाचं पित्त खवळलं. आवडीने आपल्या पदराची पट्टी फाडून त्याच्यापुढे टाकली. "माझे डोळे बांधा. राईतल्या कुठल्याबी झाडापाशी न्या. एक जरी चुकले तर सगळी राई तुमची. नाय चुकले, तर एकाबी झाडाला कुऱ्हाड लावायची नाय." कारकुनाने सगळ्यांसमक्ष शब्द दिला. हरण्याची त्याला भीतीच नव्हती.

डोळे बांधून त्यांनी तिला गोल फिरवलं आणि वर उतारावर नेलं. तिने खोडावर हात ठेवला. सुसरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींनी भेगाळलेली जाड साल. "ऐन." मग जांभ्याच्या कातळावर, जिथे मातीचा नुसता थर असतो. साल पातळ, बारीक उभ्या चिरांची. "किंजळ." कुंभा, जांभूळ, नाणा, तिने सगळी ओळखली. दुपार कलली तरी ती चुकेना.

तेव्हा कारकुनाने शेवटचा डाव टाकला. वरच्या एका ऐनाची साल सोलून आणवली आणि झऱ्याकाठच्या एका अर्जुनाभोवती ती वेलाने करकचून बांधली. आवडीला मुद्दाम लांबून, वळसे देत आणलं. गावाला सगळं दिसत होतं, पण बोलणाऱ्याच्या मानेशी कुऱ्हाड होती. तिचा हात सालीवर पडला. सुसरीची पाठ. हात तिथेच थांबला. कारकून पुढे वाकला. "बोल, बाई. कुठलं झाड?"

आवडीने पायाची बोटं जमिनीत रुतवली. खाली गार, ओली वाळू होती.

"साल ऐनाची हाय," ती म्हणाली. "पण ऐन पाण्यात पाय सोडून बसत नाय. ह्यो अर्जुन हाय, त्याला कुणा चोरानं दुसऱ्याचा अंगरखा घातलाय."

कुऱ्हाडवाल्यांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या. कारकुनाने मात्र शब्द फिरवला. हुकूम वरून आला आहे, तो वरूनच रद्द होईल, म्हणाला. आवडी म्हणाली, "मग तो कागद माझ्या हातात पडंपर्यंत ही पट्टी सुटणार नाय." ती झाडाला टेकून बसली आणि तिच्याभोवती गाव बसलं, या वेळी पुरुषसुद्धा.

कागद यायला सात पावसाळे गेले, असं सांगतात. तेवढी वर्षं ती डोळे बांधूनच राईत फिरली, आणि अर्जुनाभोवतीचा तो वेलही कुणी न सोडल्याने खोडात रुतत गेला. गावात आलेली प्रत्येक नवी सून तिच्याकडून हाताने झाडं शिकली. कागद आला त्या दिवशी तिने पट्टी सोडली, तर डोळ्यांना उजेड सोसेना. तिने पट्टी पुन्हा बांधली. "झाडं हायत ना जाग्यावर? मग झालं."

तेव्हापासून राईत कुऱ्हाड, करवत किंवा कागद घेऊन येणाऱ्याचे डोळे बांधायचे आणि त्याला तीन झाडं ओळखायला सांगायची, अशी रीत पडली. जो झाडाचं नाव सांगू शकत नाही, त्याने त्याला हात लावायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी रस्त्याच्या आखणीवाले यादी घेऊन आले होते. यादीत राईच्या नावापुढे लिहिलं होतं, "इतर झाडे, ४१२". गुरवांनी दगडावरची पट्टी उचलली. "इतर नावाचं झाड कुठलं, तेवढं दाखवा साहेब. आमच्या राईत नाय ते." साहेब तरुण होता, त्याने हसत डोळे बांधून घेतले. अर्जुनाच्या खोडावरून हात फिरवला, ती खाच चाचपली, आणि बराच विचार करून म्हणाला, "साग?" बघायला जमलेल्या गावच्या सुना पदर तोंडात धरून हसल्या. साहेबाने पट्टी सोडली, यादीकडे पाहिलं आणि सही न करताच उतार उतरला.

आजही अर्जुनाच्या खोडावरची खाच भरलेली नाही आणि खाली तीन वाड्यांना झऱ्याचं पाणी जातं आहे. दुसरी यादी येणार, असं तालुक्यात बोललं जातं. येऊ दे, गुरव म्हणतात. त्यांनी पट्टी धुऊन ठेवली आहे.